स्टीम डेक, अ‍ॅलाय, स्विचचं स्टोरेज वाढवायचंय? ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी खरेदीपासून बसवण्यापर्यंत

हातात धरून खेळायच्या गेमिंग मशीनबद्दल (हँडहेल्ड) आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर थोड्या थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच, "अरे कुठलं मेमरी कार्ड घेऊ? हे ऑफरमध्ये आहे, चालेल ना?" आणि मग दहा जण दहा सल्ले देतात, त्यातले निम्मे दुसऱ्याच मशीनबद्दल असतात. मी डेकची एसएसडी (आतली स्टोरेज ड्राइव्ह) बदललीये, मित्राच्या अ‍ॅलायची बदलून दिलीये, भाच्याच्या स्विचला कार्ड घेऊन दिलंय, त्यामुळे आता तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. बहुतेक लोक आधी ऑफर बघतात आणि मग मशीन बघतात, इथेच सगळा घोळ सुरू होतो. क्रम उलटा करा, अर्धे पैसे तिथेच वाचतील.

१) आधी तुमच्या मशीनमध्ये काय बसतं ते बघा

ही पायरी गाळू नका प्लीज. हँडहेल्ड सगळे सारखेच दिसतात पण आतला स्लॉट वेगळा असतो.

स्टीम डेक (एलसीडी आणि ओलेड दोन्ही): आत एम डॉट टू (पातळ पट्टीसारखी एसएसडी) २२३० साइजची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी लागते. २२३० म्हणजे रुंदी २२ मिलीमीटर, लांबी ३० मिलीमीटर, बोटाच्या पेराएवढी. २०२२ मधला सगळ्यात स्वस्त ६४ जीबीवाला डेक कोणाकडे असेल तर त्यात ईएमएमसी (स्वस्त, संथ स्टोरेज) आहे, पण ती पण त्याच स्लॉटमध्ये लावलेली असते, त्यामुळे काढून सरळ एनव्हीएमई टाकता येते. बाहेरून मायक्रोएसडी कार्ड, यूएचएस-वन (कार्डाच्या वेगाचा एक ठरलेला प्रकार) स्पीड.

रॉग अ‍ॅलाय (एसूसचा, २०२३ वाला): आत २२३०. रॉग अ‍ॅलाय एक्स (२०२४): आत २२८०, म्हणजे लॅपटॉपवाली लांब एसएसडी, जी सहज मिळते आणि जीबीमागे स्वस्त पण पडते. नाव जवळजवळ एकच आहे म्हणून लोक हमखास फसतात, ऑर्डर करायच्या आधी मागचं मॉडेल नाव वाचा.

लीजन गो: २२४२. एमएसआय क्लॉ: पहिला आणि सात इंची दोन्ही २२३०, आठ इंची एआय प्लस मात्र २२८०.

निन्टेन्डो स्विच (जुना, लाइट, ओलेड): आतलं काही बदलायचं नसतं, फक्त मायक्रोएसडी. जुन्यात ३२ जीबी आत, ओलेडमध्ये ६४. स्विच २, जो जून २०२५ मध्ये आला, त्यात आत २५६ जीबी आहे, पण गेमसाठी त्याला मायक्रोएसडी एक्सप्रेस (नवीन, जास्त वेगाचं) कार्डच लागतं. जुन्या स्विचचं साधं कार्ड त्यात घातलं तर त्यावरचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे आत घेता येतात, गेम चालत नाहीत. दुकानदार म्हणेल "सेम साइज आहे, बसून जाईल." बसेल हो, चालणार नाही.

अ‍ॅनबर्निक, मियू मिनी वगैरे रेट्रोवाले (जुने गेम खेळायचे छोटे हँडहेल्ड): यांच्यासोबत डब्यात येणारं कार्ड बऱ्याचदा बिननावाचं असतं आणि अचानक मरतं. यांना मोठं स्टोरेज लागतच नाही, ६४ किंवा १२८ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड घ्या आणि पहिल्याच दिवशी मूळ कार्डाची पूर्ण इमेज (जशीच्या तशी नक्कल) कॉम्प्युटरवर काढून ठेवा, कारण कित्येकांत सिस्टीम पण त्याच कार्डावर असते.

डेकमध्ये २२४२ घुसवण्याचे व्हिडिओ अजून फिरतात. २०२२ मध्येच डेक बनवणाऱ्या व्हॉल्व कंपनीच्या माणसांनी जाहीरपणे सांगितलं होतं की हे करू नका, चार्जिंगची चिप त्याच भागात आहे, ती गरम होते आणि मोठी एसएसडी बसवायला थर्मल पॅड (उष्णता ओढून घेणाऱ्या छोट्या गाद्या) सरकवावे लागतात. आता २२३० मध्ये दोन टीबीपर्यंत मिळतं, कशाला हवेत ते उद्योग.

२) खरंच किती जागा लागते?

लायब्ररीत दोनशे गेम आहेत म्हणून दोन टीबी घेऊ नका. एकावेळी तुम्ही खेळता किती? ठाण्याहून ऐरोली-घणसोलीला ट्रान्सहार्बरने जाता येता जे खेळता ते आणि रविवारचा एक मोठा गेम, एवढंच ना?

अंदाजासाठी, स्टीमवर लिहिलेली जागा: बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी, रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी, सायबरपंक २०७७ ला ७० जीबी, एल्डन रिंगला ६० जीबी आणि स्टारड्यू व्हॅलीला ५०० एमबी. म्हणजे पहिल्या दोघांनीच ३०० जीबी खाल्ले, आणि स्टारड्यूसारखे शंभर गेम टाकले तरी ५० जीबीच्या वर जात नाही. तुम्ही कुठल्या जातीचे गेमर आहात त्यावर सगळं ठरतं.

अजून दोन गोष्टी धरा. एक, ५१२ जीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४७६ दिसते आणि एक टीबीची ९३१. यात फसवणूक काही नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, त्यामुळे दुकानात जाऊन भांडू नका. दोन, मोठ्या गेमचा अपडेट येतो तेव्हा त्याला वर रिकामी जागा लागते, म्हणून साधारण १५-२० टक्के मोकळं ठेवायचंच.

३) कार्ड की एसएसडी?

माझं मत विचाराल तर नवीन माणसाने आधी कार्ड घ्यावं. मशीन उघडावं लागत नाही, वॉरंटीची कटकट नाही, उद्या मशीन विकलं तर कार्ड आपल्याकडेच राहतं. डेकवर चांगल्या कार्डावरून गेम लोड व्हायला एसएसडीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, पण एकदा आत शिरलात की बहुतेक गेममध्ये फरक कळत पण नाही. त्रास होतो तो लिहिताना. शंभर जीबीचा गेम कार्डावर इन्स्टॉल करायला आणि विशेषतः अपडेट व्हायला जाम वेळ लागतो, डाउनलोड संपलेलं असतं आणि पट्टी तिथेच रेंगाळत असते.

एसएसडीकडे कधी वळायचं? ६४ जीबीवाला डेक असेल तर लगेच, कारण गेम कार्डावर टाकले तरी शेडर कॅशे (गेमच्या ग्राफिक्सच्या तयार फायली) आणि प्रोटॉनचा (विंडोजचे गेम डेकवर चालवणारा प्रोग्रॅम) पसारा आतल्या ड्राइव्हवरच साठत जातो आणि एक दिवस "जागा संपली" येतं, तुम्ही म्हणता मी तर आत काहीच टाकलं नाही. मोठे ओपन वर्ल्ड गेमच खेळत असाल तरी एसएसडी. आणि जुना रॉग अ‍ॅलाय असेल तर मी कार्डाच्या भरवशावर राहणार नाही, त्याचा कार्ड रीडर उष्णतेमुळे बिघडू शकतो हे एसूसने २०२३ मध्ये स्वतःच मान्य केलं होतं.

यूएसबीने बाहेर लटकवलेली एसएसडी घरी टेबलावर ठीक आहे. लोकलमध्ये नको, कोणाच्या तरी बॅगेत वायर अडकून पोर्टच जाईल.

४) कार्डाच्या डबीवरची भाषा

डबीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं १९० किंवा २०० एमबी पर सेकंद. तो आकडा विसरा. यूएचएस-वनची ठरलेली मर्यादा १०४ एमबी पर सेकंद आहे, त्याच्यावरचा स्पीड कंपनीच्या स्वतःच्या खास रीडरमध्येच मिळतो आणि डेक किंवा जुन्या स्विचमध्ये तो रीडर नाही. घरातला नळच बारीक असेल तर सोसायटीची टाकी केवढी का असेना, धार तेवढीच येणार. म्हणून डेकसाठी महागडं यूएचएस-टू किंवा एक्सप्रेस कार्ड घेणं म्हणजे पैसे वाया, चालेल पण यूएचएस-वनच्याच स्पीडने.

बघायचं ते हे:

- यू३ किंवा व्ही३०: सलग लिहिताना किमान ३० एमबी पर सेकंद. हे असलंच पाहिजे.
- ए१ किंवा ए२: बारीक बारीक फायली किती पटापट वाचतं त्याचं माप. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं, ए२ म्हणजे ४०००. पण ए२ चा पूर्ण फायदा मशीनने सपोर्ट दिला तरच मिळतो, त्यामुळे ए१ स्वस्तात मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, ए२ साठी दीडपट पैसे देऊ नका.
- कंपनी: सॅनडिस्क, सॅमसंग, लेक्सार, किंग्स्टन. बस.

भाव आठवड्याला हलतात म्हणून एकच हिशोब करा, किंमत भागिले जीबी. बऱ्याचदा ५१२ चं कार्ड २५६ पेक्षा जीबीमागे स्वस्त निघतं आणि एक टीबीला परत उडी असते, पण घ्यायच्या दिवशी स्वतः भागाकार करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

५) एसएसडी घेताना

साइज वर सांगितलीच. त्याशिवाय:

सिंगल साइडेड हवी, म्हणजे चिपा एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना चिपा असलेली जाड होते, डेकमध्ये नीट बसत नाही.

एनव्हीएमई हवी, साटा (जुना, संथ प्रकार) नको. दिसायला दोन्ही एम डॉट टूच असतात.

डेकला पीसीआयई (एसएसडी जोडायची वाट) जेन ३, म्हणजे तिसऱ्या पिढीची आहे. आजकाल मिळणाऱ्या २२३० जवळपास सगळ्या जेन ४ आहेत, त्या डेकमध्ये आरामात चालतात, फक्त जेन ३ च्या वेगाने. म्हणून ५००० आणि ७००० एमबी पर सेकंदच्या आकड्यांवरून भांडणाऱ्यांकडे डेकवाल्यांनी दुर्लक्ष करा.

टीएलसी की क्यूएलसी (चिपमध्ये डेटा साठवायचे दोन प्रकार) यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. क्यूएलसी स्वस्त, पण एकदम भरपूर लिहिलं की मधेच मंदावते. गेमिंगमध्ये आपण लिहितो एकदा आणि वाचतो हजारदा, त्यामुळे दोन टीबी क्यूएलसी आणि एक टीबी टीएलसी सारख्याच भावात मिळत असेल तर मी दोन टीबी घेईन. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला हा सल्ला नाही.

नावं सांगायची तर डब्ल्यूडी एसएन७७०एम, कोर्सेअर एमपी६०० मिनी, क्रुशियल पी३१० यातलं जे बिलासकट नीट भावात मिळेल ते. डब्ल्यूडी एसएन७४० पण चांगली आहे, पण ती लॅपटॉप कंपन्यांसाठी बनवलेली ओईएम ड्राइव्ह आहे, तिची वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर असते.

६) कुठून घ्यायचं

कार्डासाठी लांब जायची गरज नाही. ठाण्यात क्रोमा, विजय सेल्सला किंवा नौपाडा-गोखले रोडच्या मोठ्या दुकानांत, वाशीला सेक्टर १७ किंवा स्टेशनसमोरच्या रघुलीला मॉलमध्ये मिळून जाईल. स्टेशनबाहेर चादरीवर "वन टीबी" विकणाऱ्याकडून कार्ड घेणाऱ्याला मी काही सांगू शकत नाही.

२२३० एसएसडी मात्र जवळच्या दुकानात विचारलीत तर बऱ्याचदा समोरचा २२८० काढून दाखवतो आणि म्हणतो "हीच असते सर." आकडा वाचून घ्या, तो लेबलवर छापलेला असतो. नाहीतर मग ऑनलाइन किंवा लॅमिंग्टन रोड (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार). ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड, स्टेशनपासून चालत. नवी मुंबईहून हार्बरने कुर्ला, मग दादर. रविवारी जाऊ नका, तिकडे बहुतेक शटर बंद असतात आणि वर मेगाब्लॉकमध्ये लटकाल ते वेगळंच. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, पहिला भाव शेवटचा नसतो.

तिथे हमखास ऐकाल ते वाक्य: "पक्कं बिल हवं तर जीएसटी लागेल." लागू दे. कच्च्या पावतीवर घेतलेल्या एसएसडीची वॉरंटी मागायला गेलात की तुम्हाला कोणी ओळखत नाही. आणि "पुल्ड" म्हणजे नव्या-जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ड्राइव्ह पण तिथे मिळते, ती वाईटच असते असं नाही, पण भाव त्या हिशोबाने लावून घ्या आणि घरी येऊन किती तास चाललीये ते तपासा (पुढच्या पायरीत).

ऑनलाइन घेत असाल तर "सोल्ड बाय" कोण आहे ते बघा, वेबसाइट ओळखीची असली तरी विकणारा कोणीतरी भलताच असू शकतो. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबल आणि सीरियल नंबर दिसेल असा. विकणारा दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

७) घरी आल्या आल्या टेस्ट, गेम नंतर

नकली कार्ड कॉम्प्युटरला ५१२ जीबी सांगतं आणि आत असते ३२ ची चिप. सुरुवातीला सगळं भारी चालतं, ३२ जीबी भरले की पुढचा डेटा हवेत. हे नुसतं लावून कळत नाही. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३, दोन्ही फुकट आहेत, अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतात. ५१२ ला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. रिटर्नची मुदत संपायच्या आत करा म्हणजे झालं.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो टाका आणि "पॉवर ऑन अवर्स" बघा. नवीन म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर हजार तास दिसले तर ती नवीन नाही, सरळ परत करा.

कार्ड पास झालं की डेकमध्ये घालून सेटिंग्जमधूनच फॉरमॅट करा. डेक ते ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट, विंडोजला न कळणारा) मध्ये करतो, त्यामुळे नंतर विंडोज लॅपटॉपला लावलं तर तो म्हणेल "फॉरमॅट करू का?" चुकूनही हो म्हणू नका, सगळे गेम जातील. कार्डवाल्यांचं काम इथेच संपलं, पुढचं एसएसडीवाल्यांसाठी.

८) उघडायच्या आधी हे जमवा

हत्यारं: बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर (ओलेड डेकला मागच्या कव्हरसाठी टॉर्क्स टी६), गिटारचं पिक किंवा प्लास्टिकची पट्टी, चिमटा, स्क्रू ठेवायला दोन-तीन वाट्या, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि टाइप-सी हब. क्लोन (जुन्या ड्राइव्हची नवीनवर जशीच्या तशी नक्कल) करणार असाल तर २२३० घेणारा एनव्हीएमई एन्क्लोजर (एसएसडी यूएसबीने जोडायची डबी).

कागद: मशीनचं बिल, एसएसडीचं पक्कं बिल, दोन्ही सीरियल नंबरचे फोटो. विंडोजवाल्यांनी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

सेव्ह फायली क्लाउडवर गेल्यात का ते गेमगणिक तपासा, सगळे गेम क्लाउड सेव्ह देत नाहीत.

स्वतः उघडायची भीती वाटत असेल तर लॅपटॉप रिपेअरवाल्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, फक्त समोर बसून करून घ्या.

९) बसवणं (डेकचं सांगतो)

१. मायक्रोएसडी कार्ड आधी बाहेर काढा. कार्ड आत राहिलं आणि कव्हर उचललं की कार्डाचे दोन तुकडे. सगळ्यात जास्त होणारं नुकसान हेच.

२. डेक बंद करा. व्हॉल्यूम अप दाबून ठेवून पॉवर दाबा, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा, पॉवरखाली बॅटरी स्टोरेज मोड चालू करा. यानंतर चार्जर लावेपर्यंत डेक चालू होणार नाही, घाबरू नका.

३. मागचे आठ स्क्रू काढा. एलसीडीत ते दोन लांबीचे असतात, वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा किंवा फोटो काढा. कव्हर पिकने हळूहळू सोडवा, टकटक आवाज येतो तो नॉर्मल आहे.

४. एलसीडी डेकला आत धातूचं शील्ड असतं, तीन स्क्रू, त्यातला एक चंदेरी फॉइलखाली लपलेला. तो विसरून लोक शील्ड ओढत बसतात.

५. बॅटरीचा कनेक्टर सोडवा. वायर ओढू नका, कनेक्टर धरून.

६. एसएसडीचा एक स्क्रू काढला की ती वर उचलली जाते. जुन्या एसएसडीवरची चंदेरी पिशवीसारखी शील्डिंग काढून नवीनवर चढवा, फेकू नका. नवीन तिरकी सरकवा, दाबा, स्क्रू हलक्या हाताने. आणि सगळं उलट्या क्रमाने बंद.

अ‍ॅलायला शील्डचा हा प्रकार नाही, मागचे सहा स्क्रू (खालच्या मधला पूर्ण बाहेर येत नाही, तसाच राहतो), बॅटरी सोडवा, मग एसएसडी.

पंख्याखाली बसून करू नका, ते स्क्रू उडतात.

१०) सिस्टीम परत टाकणं

डेक: व्हॉल्वच्या साइटवरून स्टीमओएसची (डेकची सिस्टीम) रिकव्हरी इमेज घ्या, विंडोजवर रुफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहा. चार्जर लावून डेक जागा करा, मग बंद करून पेनड्राइव्ह हबने जोडा, व्हॉल्यूम डाउन दाबून पॉवर दाबा, टोन वाजला की सोडा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. डेस्कटॉप येईल, त्यावर "रीइमेज स्टीम डेक" निवडा. थोडा वेळ स्क्रीन आडवी-उभी झाली तर होऊ द्या.

अ‍ॅलाय: बायोसमध्येच एसूसचं क्लाउड रिकव्हरी आहे, वायफाय जोडा, ते विंडोज स्वतः उतरवून घेतं. वायफाय धड नसेल तर आधीच एन्क्लोजर लावून क्लोन करणं बरं.

गेम परत डाउनलोड करायचा कंटाळा असेल आणि घरच्या पीसीवर तेच गेम असतील तर स्टीम एकाच वायफायवरच्या दोन मशीनमध्ये गेम कॉपी करू देतं, २०२३ पासून आहे हे, सेटिंग्जमधून दोन्हीकडे चालू करा.

११) जुनी ड्राइव्ह

लगेच विकू नका. मशीन वॉरंटीत असेल तर सर्व्हिसला देताना मूळ ड्राइव्ह परत बसवून देणं सोपं जातं, आणि नवीन एसएसडी पहिल्या महिन्यात रुसली तर जुनी लावून संध्याकाळी खेळता येतं. वॉरंटी संपली की एन्क्लोजरमध्ये घालून पेनड्राइव्हसारखी वापरा. ६४ जीबीवाल्या डेकची ईएमएमसी मात्र एनव्हीएमई एन्क्लोजरमध्ये चालत नाही, ती डबीत राहू द्या.